सीओपीडीचं होम-नर्सिंग पॅकेज: ‘मानसिक आधारा’चे पैसे कुठे वसूल होतात?

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागत राहणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. पुण्यातल्या एका नर्सिंग ब्युरोच्या सीओपीडी पॅकेजमध्ये बारा तासांची जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) सिस्टर, आठवड्यातून एकदा समुपदेशकाचा फोन आणि महिन्यातून एकदा भरायची प्रश्नावली असं सगळं मिळतं. माहितीपत्रकात ‘मानसिक आधार’ हे शब्द छापलेत ते समुपदेशकाच्या फोनसमोर. ते सिस्टरच्या नावासमोर हवे होते. या पेशंटचा जीव घाबरा होतो तो संडासला जाऊन आल्यावर, अंघोळीनंतर, पहाटे खोकल्याची उबळ आल्यावर. तेव्हा फोनवर कुणीच नसतं, असली तर सिस्टर असते.

दम लागला की माणूस घाबरतो, घाबरला की भराभर आणि वरवर श्वास घेतो. सीओपीडीत श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, हवा बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढा वेळ न देता पुढचा श्वास घेतला की आधीची हवा आतच साचते, छाती फुगलेली राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. पेशंट म्हणतो, ‘श्वास आत जात नाही’. अडलेलं असतं ते बाहेर सोडणं. म्हणून ‘काका, मोठा श्वास घ्या, अजून मोठा’ असं म्हणणारी सिस्टर चांगल्या हेतूने त्रास वाढवते. या ब्युरोच्या छातीविकाराचं ट्रेनिंग घेतलेल्या सिस्टर ही चूक करत नाहीत, आणि पॅकेजचे निम्मे मार्क इथेच मिळतात.

त्यांची पद्धत अशी. पेशंटला आडवं करत नाहीत. खुर्चीत पुढे झुकवून कोपरं मांड्यांवर किंवा टेबलावरच्या उशीवर टेकवायला लावतात, म्हणजे खांद्यांवरचा ताण उतरतो. हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यापासून साधारण १५ सेंटिमीटरवर, नाक आणि वरच्या ओठावर वारा येईल असा धरतात. चेहऱ्यावरच्या गार झुळकीने धाप लागल्याची जाणीव कमी होते, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) तेवढंच असलं तरी. मग नाकाने दोन अंक मोजून श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडायचा, जोर लावून फुंकायचं नाही. सिस्टर समोर बसून स्वतः तसा श्वास घेते आणि ‘सोडा… सावकाश सोडा’ एवढंच म्हणते. प्रश्न विचारलाच तर मान हलवून उत्तर देता येईल असा. ‘घाबरू नका’ हे वाक्य त्यांच्या तोंडी नसतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पंखा मात्र पॅकेजमध्ये येत नाही. चार्जिंगचा साधा पंखा विकत घ्या आणि उशाशी ठेवा.

डॉक्टरांनी लिहून दिलेला साल्ब्युटामोलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून देताना आधीच सांगावं लागतं, की थोडा वेळ हात थरथरतील, छातीत धडधडेल. नाही सांगितलं तर पेशंटला वाटतं पुन्हा ॲटॅक आला, आणि तो आणखी पंप ओढतो. हे सांगण्यात काही सिस्टर पक्क्या आहेत, काही नाहीत.

बोटाला लावून सॅच्युरेशन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरच्या बाबतीत शिस्त उत्तम. दर पाच मिनिटांनी बोट घालून आकडा बघत बसणं हाच एक आजार होऊन बसतो. बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं तर आकडा चुकतोही. सिस्टर तो ड्रॉवरमध्ये ठेवते, ठरलेल्या वेळी आणि त्रास वाढला तरच काढते. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो त्यांच्या सॅच्युरेशनचं लक्ष्य सहसा ८८ ते ९२ टक्के ठेवतात. घरातली मंडळी ९० बघून हादरतात आणि कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) मिनिटाला २ लिटरवरून ४ वर नेतात. अशा पेशंटमध्ये त्यानेच कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. नॉबला हात कुणी लावायचा, हे सिस्टर पहिल्याच दिवशी घरच्यांना बजावते.

पॅकेज घसरतं ते बदलीवर. सिस्टर सुट्टीवर गेली की ब्युरो अटेंडंट मावशी पाठवतो आणि आधीच्या नोंदींची वही कुणी वाचत नाही. मावशी मायाळू असतात, पण घाई करतात. अंघोळीचं बघा: ठरलेली रीत अशी, की स्टूल, टॉवेल, पाण्याचा मग आधी मांडून ठेवायचे, दार उघडं, वाफ कोंडू द्यायची नाही, पेशंटने बसून अंघोळ करायची, पाणी ओतताना श्वास सोडायचा, पायांना साबण सिस्टरने लावायचा कारण वाकलं की पोट दाबून धाप लागते, आणि ऑक्सिजन चालू असेल तर नळी काढायची नाही. मावशी आल्या की दहा मिनिटांत सगळं उरकतं, पेशंट हाशहुश करत पलंगावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी अंघोळीलाच नको म्हणतो. उलट टोकही दिसतं: पाण्याचा पेलासुद्धा हातात देणं. त्याने पाय आणखी कमजोर होतात, आणि ‘आता माझ्याने काहीच होणार नाही’ हे मनात घट्ट बसतं.

प्रश्नावली चांगली निवडली आहे. चिंता आणि नैराश्य किती आहे ते मोजणारं १४ प्रश्नांचं एचएडीएस, ७ चिंतेचे, ७ नैराश्याचे. एका गटात ८ किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासायचं. त्यात थकवा आणि भूक यांना गुण नाहीत. फुप्फुसाच्या पेशंटला ही लक्षणं आजारानेच असतात, त्यामुळे हे बरंच. पण लिंक जाते मुलाच्या मोबाइलवर, तोच अंदाजाने भरतो, आणि गुण जास्त आले तरी पुढे काय, याचं उत्तर ब्युरोकडे नाही. सिस्टरने शेजारी बसून वाचून दाखवावं, आणि जगावंसं वाटतं का हा प्रश्न तिनेच सरळ विचारावा.

समुपदेशकाचा फोन सरळ नापास. वाक्यागणिक धाप लागणाऱ्या माणसाशी अर्धा तास फोन, त्यात ‘सकारात्मक राहा’. डेरिफायलिन (श्वासनलिका मोकळ्या करणारी गोळी) किंवा स्टिरॉइडमुळे झोप उडू शकते, हे तिकडे माहीत नाही. झोपेच्या गोळीची सूचना मात्र तयार. कार्बन डायऑक्साइड साचणाऱ्यांना अशा गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात, छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. दिवसा गुंगी, सकाळी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं दिसलं तर ती ‘उदासी’ समजू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. वर ‘विड्या ओढत होता ना?’ हा प्रश्न, तोही आयुष्यभर चुलीच्या धुरात भाकऱ्या थापलेल्या आजींना! बोलायलाच कुणी हवं असेल तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून.

पाचापैकी साडेतीन. ब्युरोशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्या: सिस्टर कायम एकच आणि तिची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, बदलीच्या दिवशी अर्धा तास एकत्र ड्यूटी, आणि वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटरवरून सिलिंडरवर नेण्याचा सराव. दीड हजार लिटरचा भरलेला बी-टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटरवर साधारण बारा तास जातो. हा हिशेब पेशंटला माहीत असेल तर लाइट गेल्यावर तो निम्मा कमी घाबरतो. समुपदेशकाचा फोन वगळून दर कमी करून मागा.