पेटीतल्या पाच गोष्टी आणि पिंडाचा भात

सांगलीतलं एक बालवाचनालय गोष्टींची एक पेटी भाड्यानं देतं. घरात आजी किंवा आजोबा वारलेत आणि तीन ते आठ वर्षांचं मूल आहे, अशा घरांसाठी. अनामत ५०० रुपये, पंधरा दिवसांचं भाडं ८० रुपये. पत्र्याच्या लहान ट्रंकेत पाच चित्रगोष्टी, दोन कापडी बाहुल्या, मोठ्यांसाठी १६ पानांची पुस्तिका आणि एक कोरी वही निघते. वही परत द्यायची नसते.

पाचांतली कावळ्याची गोष्ट एकटीच भाड्याचे पैसे वसूल करते. कृष्णेचा घाट, मागे आयर्विन पूल, पायऱ्यांवर बसलेली माणसं आणि पत्रावळीवर पिंड. कावळा काही येत नाही. चित्रातली पोरगी आत्याला विचारते, "आबांना भूक लागत नाही म्हणालीस ना? मग भात कुणाला?" आपल्याकडच्या घरात मुलाची खरी पंचाईत होते ती इथंच. आदल्या आठवड्यात आपणच त्याला सांगितलेलं असतं की मेलेल्या माणसाला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. आणि दहाव्याला त्याच्यासमोर भात मांडतो, वर कावळा शिवेपर्यंत जेवत नाही. मूल ही विसंगती बरोबर पकडतं. गोष्टीतली आत्या सांगते, "भात कावळा खातो. मांडतो आपण, आबांची आठवण म्हणून." शेवटच्या पानावर कावळा येतच नाही, भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि सगळे घरी जेवायला जातात. श्रद्धेची टिंगल नाही आणि आबाच कावळा झाले असंही नाही. फार नेमकं काम आहे.

दुसरी चांगली गोष्ट चष्म्याची. आजोबा नाहीत, चष्मा मात्र खिडकीत तसाच आहे. नातू तो रोज पुसून ठेवतो, कारण आजोबा आले की लागेल. तीन-चार वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे उमगत नाही, "मेले" म्हटल्यावर मान डोलावतं आणि संध्याकाळी "आजोबा कधी येणार?" विचारतं. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी हंगेरीतल्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये हेच मांडलं होतं, की पाचाच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे जिथून परत येता येतं असा प्रवास वाटतो. गोष्टीत आई चष्मा काढून घेत नाही. ती प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणते, "आजोबा मेले. ते परत येणार नाहीत. मलापण त्यांची आठवण येते." हे वाक्य पाच वेळा येतं. मोठ्या वाचकाला कंटाळा येईल; गाळू नका. मुलालाही हेच वीस वेळा ऐकावं लागतं.

आंब्याच्या झाडाची आणि भडंगाची गोष्ट ठीकठाक. भडंगाच्या गोष्टीत आजीच्या हातची चव पुन्हा जमवायचा प्रयत्न आहे. ती दुःख ताजं असताना नको, महिन्याभरानं चालेल.

चांदणीची गोष्ट मात्र पेटी उघडल्या उघडल्या बाजूला काढून ठेवावी. चित्रं सुंदर आहेत, म्हणूनच हात तिच्याकडे जातो. आजी चांदणी होऊन वरून बघते. पाच वर्षांचं मूल शब्दाला शब्द धरतं: ढग आले की आजी गेली कुठं, चड्डी बदलतानाही बघते का, शिडी लावली तर हात पुरेल का. "झोपली" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. "गावाला गेली" म्हटलं तर एसटी दिसली की धावतं. "म्हातारी होती म्हणून" म्हटलं तर आईचा पांढरा केस शोधतं. नुसतं "आजारी होते म्हणून" म्हटलं तर पुढच्या सर्दी-तापाला त्याची गाळण उडते. म्हणून अवयवाचं नाव घ्यावं: "आजोबांचं हृदय खूप खराब झालं होतं, औषधानं बरं होण्यासारखं नव्हतं. तुझा ताप तसला नाही." देवाघरी गेली म्हणायची घरची रीत असेल तर म्हणा, पण आधी "मेली" हा शब्द येऊ द्या.

पुस्तिकेतल्या सूचना बहुतेक बरोबर आहेत. आधी आपण एकट्यानं मोठ्या आवाजात दोनदा वाचावं आणि कुठल्या पानावर आपला आवाज कापतो ते बघून ठेवावं. मुलासमोर डोळ्यांत पाणी आलं तर चालतं, फक्त कारण सांगावं. नाहीतर मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. वेळ दुपारच्या खाण्यानंतरची, दहा मिनिटं. झोपायच्या आधी नको. मुलानं मध्येच पुस्तक मिटवलं आणि खेळायला पळालं तर जाऊ द्यावं. लहान मुलं दुःखात अशीच आत-बाहेर करतात, त्याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा नव्हे. "काय शिकलास?" हा प्रश्न वर्ज्य. बाहुल्यांनी मूल तिरडी-तिरडी खेळायला लागलं तरी ओरडू नये, हे पुस्तिकेत ठळक छापलंय ते बरं केलं. बहुतेक घरांत पहिला धपाटा तिथंच बसतो.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेनं अर्धवट सोडलीय. "माझ्यामुळं मेले का?" हा प्रश्न मूल तोंडानं विचारत नाही. रागाच्या भरात "जा, मर" म्हटलेलं असतं, किंवा आजीनं हाक मारली तेव्हा गेलेलं नसतं, आणि ते मनात धरून बसतं. न विचारताही एकदा सांगून टाकावं, की बोलल्यानं किंवा मनात आणल्यानं कुणी मरत नाही. "आई, तू पण मरणार?" याला पुस्तिकेचं उत्तर "नाही रे सोन्या" असं आहे. चूक. "हो, कधीतरी सगळेच मरतात. पण मी पुष्कळ वर्षं तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं" हे खरंही आहे आणि पुरतंही.

आणि पुस्तिकेतलं दहनाचं पान. "शरीर अग्निदेवाला दिलं" एवढ्यावर विषय उरकलाय. मुलाचा प्रश्न सरळ असतो: आजीला भाजलं का? इथं क्रम महत्त्वाचा आहे. मेलेल्या शरीराला काहीच जाणवत नाही हे आधी, दोन-चार दिवस, वेगवेगळ्या निमित्तानं पक्कं करायचं. बागेत मेलेला किडा सापडला तरी चालेल. अग्नीचं नाव त्यानंतर. क्रम उलटला की रात्री दचकून उठणं आलंच.

पाचही गोष्टी घाट-दहावा धरूनच चालतात. सांगली-मिरजेत दफन करणारी घरं काय कमी आहेत? मुसलमान, ख्रिश्चन, लिंगायत. त्यांच्या मुलांना यात स्वतःचं घर दिसणार नाही. निदान एक गोष्ट मातीची हवी होती. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या आजीचीही गोष्ट नाही, जिच्या जाण्यानं घराला दुःखासोबत सुटकाही वाटते आणि मूल ती सुटका टिपतं.

बांधणी स्पायरलची, पानं चकचकीत. ट्यूबलाइटखाली चित्र दिसत नाही, खिडकीपाशी बसावं लागतं. कावळ्याच्या पुस्तकाची भोकं फाटलीत, घरी नेण्याआधी तपासून पावतीवर लिहून घ्या, नाहीतर अनामतीतून कापतात.

पेटी कधी आणायची? सावडणं झालं की लगेच नको, घरात पाहुण्यांची वर्दळ असते. दहाव्याला मुलाला घाटावर नेणार असाल तर दोन दिवस आधी फक्त कावळ्याची गोष्ट वाचा, बाकीच्या तेराव्यानंतर. पुढं पितृपक्षात किंवा पहिल्या दिवाळीत मूल पुन्हा विचारायला लागतं, तेव्हा दुसऱ्यांदा आणावी; पितृपक्षात पेटीला मागणी असते, नाव आधी लावून ठेवावं. कोऱ्या वहीत फोटो चिकटवायचा असेल तर झेरॉक्स चिकटवा. मुलं त्यावर रंग फासतात, आणि फासू द्यायचा असतो.

कित्येक आठवडे गादी ओली होणं, शाळेत जायला नकार, खाणं तुटणं किंवा "मला पण आजीकडं जायचंय" असं वरचेवर बोलणं असेल, तर गोष्टी ट्रंकेत भरा आणि बालरोगतज्ज्ञांकडं जा.