खेळाडू नव्हे, शिंपी: जुन्या रेसिंग सामानातली फसवणूक

मोटारींच्या हौशी स्प्रिंट शर्यतीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांना हेरून जुनं, बाद झालेलं सामान गळ्यात मारण्याचे उद्योग चालू आहेत. त्यात मी पुरता लुटला गेलो. निदान पुढचा तरी वाचावा, म्हणून सगळं लिहून काढतोय.

स्प्रिंटमध्ये गाड्या एकेक करून सुटतात. शेजारी कोणी नसतं, शर्यत घड्याळाशी. बऱ्याच गटांत रोजची गाडीही चालते, त्यामुळे मोटरस्पोर्टमध्ये शिरायची ही त्यातल्या त्यात सोपी वाट. पण हेल्मेट, हार्नेस (चालकाला सीटशी घट्ट बांधणारे पट्टे), सूट यांची यादी हातात पडली की नव्या सामानाच्या किमती बघून माणूस आपसूक जुन्या सामानाच्या जाहिरातींकडे वळतो. गळ टाकून बसलेल्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

मला भेटलेला गृहस्थ म्हणाला, "खेळ सोडतोय, वेळच मिळत नाही. हार्नेस, हेल्मेट आणि सेमी-स्लिक (कमी खाचांचे, शर्यतीचे) टायर एकत्र घेतलेत तर देऊन टाकतो." बोलणं गोड, माहिती पक्की. टायरमध्ये हवा किती ठेवायची, सुटताना क्लच कसा सोडायचा, सगळं न विचारता सांगायचा. (क्लचचा सल्ला खरोखर चांगला होता, अजून वापरतो.) "याच सामानावर गेल्या मोसमात तपासणी पास झालोय," हे वाक्य तर प्रत्येक फोनवर. सामान आलं, वरून झकास दिसत होतं. मी लगेच त्याला निरोप पाठवला: "मिळालं, एकदम मस्त, धन्यवाद!" या निरोपाकडे नंतर येतो.

इव्हेंटच्या सकाळी तपासणीच्या रांगेत माझा नंबर आला. तपासनीस बाईंनी हार्नेसच्या बकलकडे पाहिलंसुद्धा नाही. खांद्याचा पट्टा उलटा केला, लेबल दोन बोटांत धरून वाकवलं आणि त्यावर टॉर्च मारला. लेबलाच्या टाक्यांना लागून रिकाम्या भोकांची आणखी एक रांग होती. जुनं लेबल उसवून त्या जागी दुसरं शिवलेलं. नवा दोरा जुन्यापेक्षा जाड आणि जरा चकचकीत. एकदा दाखवल्यावर दिसतंच, पण आधी नजर तिथे जातेच कशाला! मांडीच्या पट्ट्यावरचं लेबल तर घासून वर्षाचा शेवटचा आकडाच उडवलेला.

"कुठून घेतलंत हे?"

"एका खेळाडूकडून."

"खेळाडू नाही हो तो, शिंपी आहे."

लेबलावरच्या वर्षाला एवढं महत्त्व का, ते सांगतो. हार्नेसचे पट्टे कृत्रिम धाग्यांचे असतात. ऊन, घाम, धूळ, तेल यांनी ते आतून कमजोर होत जातात, बाहेरून मात्र फारसं कळत नाही. एकदा जोराचा अपघात झाला की पट्टा ताणला जातो, आणि तसा पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. म्हणून एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या ८८५३/९८ मानकाच्या हार्नेसची मुदत पाच वर्षांची असते आणि ते कोणत्या वर्षापर्यंत चालेल हे लेबलावरच छापतात. एसएफआय या अमेरिकी संस्थेच्या १६.१ मानकाचा असेल तर बनल्या तारखेपासून दोनच वर्षं. माझ्या हार्नेसची मुदत कधी संपली, त्याने आधी कुणाचा अपघात झेलला होता का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

हेल्मेटची गंमत वेगळी. मागच्या बाजूला बाहेरून 'एसए२०२०' असा झगझगीत स्टिकर. बाईंनी आतलं अस्तर बाजूला केलं, तर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या खऱ्या स्टिकरवर 'एम२०२०'. एम म्हणजे मोटरसायकलचं. गाडीतल्या शर्यतीसाठीच्या एसए हेल्मेटची आगीतही चाचणी होते, शिवाय डोकं रोल केजच्या (गाडीच्या आतल्या संरक्षक सांगाड्याच्या) नळीवर आपटलं तर काय होईल तेही पाहतात. या दोन्ही गोष्टी एममध्ये नाहीत. काही आयोजक छोट्या इव्हेंटला एम चालवून घेतात, आमच्या नियमपत्रकात स्पष्ट एसए होतं. स्नेलचा स्टिकर हेल्मेटच्या आत असतो, बाहेरच्या चिकटपट्टीला काडीची किंमत नाही.

टायरचं थोडक्यात. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ३५१७ असेल तर २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. हे आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. साहेबांनी रिमवर बसवून दिलेल्या चारही टायरांची ती बाजू आत होती.

मला गाडी सोडू दिली नाही, आणि तपासणीत बाद झाल्यावर प्रवेश फी परत मिळत नाही. दिवसभर कडेला उभा राहून इतरांच्या वेळा ऐकल्या. संध्याकाळी विक्रेत्याला फोन केला तर उत्तर काय, "बघून घेतलंत ना तुम्ही? आता बोलायचं नाही." त्यानंतर नंबर ब्लॉक.

जुनं सामान घेऊच नका असं माझं म्हणणं नाही, सगळ्यांना नवं परवडत नाही. पण पैसे देण्याआधी प्रत्येक पट्ट्याच्या लेबलाचा पुढून आणि मागून, टाके दिसतील असा फोटो मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला. लेबलावरचा क्रमांक एफआयएच्या यादीत सापडला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, नक्कल करणारा क्रमांक खराच छापतो. सगळ्यात बरं म्हणजे आयोजकांना विचारून सामान आधीच एखाद्या तपासनिसाला दाखवणं. फोनवर विचारलं तर बरेच जण आनंदाने बघून देतात.

आता तो निरोप. त्या माणसाच्या नव्या जाहिरातीत 'समाधानी ग्राहक' या मथळ्याखाली माझं "एकदम मस्त, धन्यवाद!" झळकतंय. पाठवला तेव्हा तपासणी व्हायची होती, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार? काढून टाक म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून सांगून पाहिलं, काढला नाही. त्याच्या शेजारी आणखी चार-पाच जणांचे निरोप आहेत. सगळे सामान हातात पडल्याचे, तपासणीत पास झाल्याचा एकही नाही.