माळ्यावरचा २१ इंची टीव्ही आणि सहा सीआरटी शेडर

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सिडकोतल्या घराच्या माळ्यावरून आमचा जुना २१ इंची टीव्ही खाली उतरवला. भंगारात द्यायचं ठरलं होतं. देण्याआधी एकदा लावून बघितला, तर पडदा हळूहळू उजळला आणि तीच बारीक शिट्टी कानात शिरली. मग तो थेट टेबलावर आला, लॅपटॉपच्या शेजारी. टीव्हीला पिवळ्या वायरने टीव्ही गेम, लॅपटॉपवर रेट्रोआर्क हा जुने गेम चालवणारा इम्युलेटर, दोन्हीकडे मारिओची पहिली लेव्हल. पुढचे तीन रविवार एकेक शेडर लावत गेलो आणि मान इकडून तिकडे वळवत बघत बसलो.

शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. गेमचं चित्र पडद्यावर जाण्याआधी त्यातला प्रत्येक पिक्सेल कसा दिसावा, हे तो ठरवतो. सीआरटी शेडर सीआरटीसारखं, म्हणजे जुन्या पिक्चर ट्यूबसारखं चित्र उभं करतो. रेट्रोआर्कमध्ये असे कितीतरी आहेत आणि बहुतेक जण नाव ऐकून सर्वांत जड तोच लावतात. तिथेच चुकतं.

आधी टीव्ही काय करायचा ते बघा. आपल्याकडचं पाल पद्धतीचं प्रक्षेपण ६२५ ओळींचं, पण सम-विषम ओळी आळीपाळीने काढलेल्या. जुने कन्सोल जेमतेम २४० ओळी देत आणि प्रत्येक वेळी त्याच ओळींवर. मधल्या जागा काळ्या राहत. याच त्या प्रसिद्ध स्कॅनलाइन. शेडरवाल्यांचं सगळं प्रेम या काळ्या रेषांवर. पण माझ्या टीव्हीसमोर सहा फुटांवर बसलो, तर रेषा जवळजवळ दिसतच नाहीत! नाक काचेला लावल्यावर दिसतात, त्याही गडद रंगात. उजळ भागात इलेक्ट्रॉनचा झोत फुगतो आणि मधली फट भरून टाकतो. नेटवरच्या फोटोंतल्या ठसठशीत रेषा बहुतेक स्टुडिओतल्या मॉनिटरच्या किंवा सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबच्या असतात. आपल्या बैठकीच्या खोलीत तसलं काही नव्हतं.

आपल्या आठवणीत आहे ती रंगांची विरघळ. पिवळ्या वायरमधून उजेड आणि रंग एकाच सिग्नलमध्ये मिसळून येतात आणि टीव्हीला ते पूर्ण वेगळे करता येत नाहीत. अँटेनाच्या वायरने जोडलं की आणखी वाईट. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या १९९१च्या सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा काढला आहे. नुसत्या इम्युलेटरवर तो झाडूच्या काड्यांसारखा दिसतो. पिवळ्या वायरमधून पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक होतं. एनईएस या निन्टेन्डोच्या कन्सोलची ग्राफिक्स चिप तर थेट हाच मिसळलेला सिग्नल बाहेर काढायची. तिच्यासाठी कोरीव, स्वच्छ चित्र हीच नक्कल म्हणायची. म्हणून माझा क्रम असा: आधी सिग्नल, मग ट्यूबची जाळी (काचेमागची, रंगांचे ठिपके वेगळे ठेवणारी), काळ्या रेषा शेवटी.

या फुटपट्टीवर सरस ठरलेला शेडर म्हणजे गेस्ट-आर यांचा सीआरटी-गेस्ट-अॅडव्हान्स्ड, त्यातही त्याची एनटीएससी आवृत्ती. सिग्नलची मिसळ, झोताचं फुगणं, जाळीचे प्रकार, चकाकी, सगळं एकाच ठिकाणी बदलता येतं. एनटीएससी ही अमेरिका-जपानची पद्धत. तिच्यात रंगाच्या कडेला जे इंद्रधनुष्य सांडतं ते आपल्या पालवर तितकं नसायचं. म्हणून मी आर्टिफॅक्ट आणि फ्रिंजिंग हे दोन्ही आकडे बरेच खाली आणले, रेषा फिकट केल्या, जाळी स्लॉट मास्कची, म्हणजे उभ्या फटींची ठेवली. तिसऱ्या रविवारी दुपारी पडदे ओढून बघितलं, तर दोन पडद्यांवरचं आकाश जवळजवळ एक झालं होतं. कष्ट मात्र आहेत. पर्यायांची यादी लांबलचक आहे आणि पहिला तास गोंधळात जातो.

सीआरटी-रॉयालचं नाव सगळ्यांच्या तोंडी. ट्रॉगलमंकी यांनी २०१४ मध्ये केलेलं हे काम आजही थक्क करतं. काचेवरच्या चमकणाऱ्या फॉस्फरचे ठिपके, त्यांच्याभोवतीची प्रभा, काचेचा बाक, सगळं बारकाईने मांडलेलं. पण ते बारकावे ठेवायला जागा लागते. १०८० ओळींच्या पडद्यावर गेमच्या एका ओळीला साडेचारच पिक्सेल मिळतात, त्यात जाळी मावत नाही. ४के पडद्यावर बरोबर नऊ मिळतात आणि तिथे रॉयालला तोड नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर रॉयाल लावला की आवाज फाटायला लागायचा. ६० फ्रेमच्या गेममध्ये एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ असतो आणि शेडर त्यात संपला नाही तर असंच होतं. घरी ४के टीव्ही आणि गेमिंगचं मशीन असेल तर बिनधास्त रॉयाल घ्या. नसेल तर दुरून नमस्कार.

सीआरटी-जिऑम जुना आणि भरवशाचा. बाकदार पडदा हवा असेल तर पहिली पसंती त्याचीच. पण १०८० वर बाक आणि रेषा एकत्र आल्या की पडद्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. बाक बंद करा, नाहीतर रेषा फिकट करा. टिमोथी लॉटिस यांचा सीआरटी-लॉटिस उजळ आणि रंगाने भरलेला. आर्केड गेमसाठी मला तोच आवडतो. आर्केडच्या मॉनिटरला लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांनी जायचा, त्यामुळे तिथे रंग विरघळायचा प्रश्नच नव्हता. ठसठशीत रेषा तिथेच शोभतात. इझीमोड सपाट, स्वच्छ आणि हलका. वाईट काही नाही, पण आठवण जागी होत नाही.

आता कमजोर मशीनवाल्यांसाठी, कारण मला सर्वाधिक प्रश्न त्यांचेच येतात. रास्पबेरी पाय, जुना लॅपटॉप किंवा स्वस्त फोन असेल तर झेडफास्ट-सीआरटी घ्या. तो अशाच छोट्या मशीनसाठी लिहिलेला आहे आणि उजळ भागातली रेषा फिकट ठेवायची सोयही त्यात आहे. सिग्नलची मिसळ त्यात नाही. पण नेस्टोपिया, स्नेस९एक्स, जेनेसिस प्लस जीएक्स या कोअरच्या (कोअर म्हणजे रेट्रोआर्कमधला एकेका कन्सोलचा इम्युलेटर) पर्यायांत ब्लार्ग या प्रोग्रॅमरचा एनटीएससी फिल्टर असतो. तो प्रोसेसरवर चालतो आणि अगदी हलका आहे. तो कॉम्पोझिटवर, म्हणजे पिवळ्या वायरच्या सिग्नलवर ठेवा, वर झेडफास्ट चढवा. फुकटात जवळजवळ ऐंशी टक्के काम होतं, असा माझा अंदाज. शेजारच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर हेच करून दिलं आणि धबधबा वाहायला लागला.

फोनवाल्यांनी एक सांभाळावं. बऱ्याच ओएलईडी पडद्यांवर लाल-हिरवे-निळे ठिपके सरळ रांगेत नसतात. शेडरची जाळी मात्र सरळ रांग धरून आखलेली. परिणामी पांढऱ्यावर हिरवट किंवा जांभळट छटा येते. तिथे जाळी बंदच बरी. उजेडाचंही तसंच. जाळी आणि रेषा मिळून बराच प्रकाश खातात, म्हणून शेडर लावल्यावर पडद्याचा ब्राइटनेस पूर्ण वर न्या.

वेग चुकीचा वाटत असेल तर तो शेडरचा दोष नाही. पाल टीव्हीसाठी बनलेले बरेच नकली कन्सोल सेकंदाला ५० चित्रं दाखवत, त्यामुळे गेम साधारण सतरा टक्के हळू चालायचा. इम्युलेटरवर मारिओ अंगात आल्यासारखा पळतोय असं मला वाटलं ते यामुळेच. एफसीईयूएमएम या एनईएसच्या कोअरमध्ये रिजन डेंडी (अशाच एका नकली कन्सोलचं नाव) केलं की जुनी चाल परत येते. मात्र लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० चित्रांचा असेल तर सरकताना चित्र थोडं अडखळतं.

मग खराच टीव्ही का नको? मिळाला, चालू असला आणि ठेवायला जागा असली तर जरूर घ्या. पण त्याला लॅपटॉप जोडायला वेगळी खटपट लागते, तो उचलायला दोन माणसं लागतात आणि ट्यूब गेली की दुरुस्त करणारे आता शोधावे लागतात. मेन रोडजवळच्या ज्या मेकॅनिककाकांनी आमच्या टीव्हीचे सोल्डर परत मारून दिले, त्यांच्या दुकानात पिक्चर ट्यूबचं काम आता क्वचितच येतं.

ठरवताना व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. फोटो लहान होतो, जाळी मोडते आणि भलतीच नक्षी दिसते. रेट्रोआर्कमध्ये ड्रायव्हर व्हल्कन ठेवा, ऑनलाइन अपडेटरमधून स्लँग शेडर उतरवा, गेम चालू करून क्विक मेनूतल्या शेडर्समध्ये प्रीसेट लोड करा आणि पूर्वी जिथे सतरंजी टाकून बसायचात तितकं मागे सरकून बघा. जमलं की सेव्ह कोअर प्रीसेट करा, म्हणजे एनईएसला एक आणि आर्केडला दुसरा असं कायमचं लागून राहील. गेमबॉयला यातला एकही लावू नका, त्याचा पडदा मुळात सीआरटी नव्हताच.