मिथेनॉलवरच्या ड्रॅगस्टरचं इंजिन ऑइल: एका सीझननंतरचा अनुभव

रोजच्या गाडीत ऑइल कमी झालंय का ते आपण बघतो. आमच्या ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे सरळ रेषेत थोड्या अंतराच्या शर्यती धावणाऱ्या गाडीत, ते वाढतं. दोन-तीन रन झाले की डिपस्टिकवरची रेघ वर सरकलेली दिसते आणि पोटात गोळा येतो, कारण वाढलेलं ते ऑइल नसतंच. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं तिथे, उतरलेलं मिथेनॉल असतं. तेच आमचं इंधन. यंदा एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मी तीन प्रकारची ऑइलं वापरली, त्यातलं एक कढवून परत इंजिनात घातलं, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. मिथेनॉलवर इंजिन चालवणाऱ्या किंवा तसा विचार करणाऱ्या कुणाला यातलं काही उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

आधी गाडीबद्दल. मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसला राहतो. पुण्याहून इंजिनांच्या कामासाठी इथे आलेली मराठी माणसं बरीच आहेत, त्यांतलाच एक. गाडी शेजाऱ्याबरोबर भागीदारीत घेतलेली: मागे इंजिन असलेला जुना ड्रॅगस्टर, ५४० घनइंची बिग-ब्लॉक शेवरोले, दोन गिअरचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, अल्कोहोलसाठीचा कार्बोरेटर, चेंबरमध्ये ८ क्वार्ट म्हणजे साधारण साडेसात लिटर ऑइल. बहुतेक शर्यती बीन ब्लॉसमच्या ब्राऊन काउंटी ड्रॅगवेवर, अष्टमांश मैलाच्या. ६६० फूट, पाच सेकंद आणि वर थोडं. टायर तापवणं, रेषेवर येणं, सुटणं, बंद करणं हे सगळं धरूनही इंजिन एका वेळी काही मिनिटंच चालतं. ऑइलच्या दृष्टीने ही काही मिनिटंच सगळ्यात वाईट.

अल्कोहोल म्हटलं की महाराष्ट्रात उसाचं इथेनॉल आणि ई२० पेट्रोल डोळ्यांसमोर येतं. हे ते नव्हे. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं, आणि भर उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रिक मिअर्स या ड्रायव्हरच्या पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून इंधन भरतात तिथे, अशीच न दिसणारी आग लागली होती. आमच्याकडे मिथेनॉल भरताना पाण्याची बादली हाताशी असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, असा नियमच आहे.

ऑइल का बिघडतं ते या इंधनाच्या स्वभावातच आहे. एक भाग पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला फक्त ६.४. म्हणून तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं, आणि आम्ही तर त्याहूनही जास्तच ओततो. त्याची वाफ व्हायला किलोमागे पेट्रोलच्या तिप्पट उष्णता लागते, त्यामुळे इंजिन आतून गार राहतं. आम्हाला हवा असलेला गुण तोच, आणि ऑइलचं दुखणंही तेच. न जळलेलं थोडं मिथेनॉल गार सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. ते ६४.७ अंशांना उकळून निघून गेलं असतं, पण अष्टमांश मैलाच्या गाडीचं ऑइल तेवढं तापतं कुठे? त्यात ज्वलनातलं आणि दमट हवेतलं पाणी मिसळतं. मग टॅपेट कव्हर उघडलं की आत ताक. कव्हरच्या वरच्या बाजूला तर पिवळसर लोण्याचा थर.

पहिल्या दोन शर्यतींना महागडं फुल सिंथेटिक घातलं. नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. एस्टर या कृत्रिम तेलाचा अंश असलेलं ते ऑइल पेट्रोलच्या इंजिनात उत्तम असेल, पण आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी तेही इतरांसारखंच पांढरं पडलं. एस्टरला पाण्याचं वावडं असतं, पाणी आणि उष्णता एकत्र आली की तो हळूहळू तुटतो. एवढ्या पैशांचं ऑइल दर आठवड्याला ओतून देणं आम्हाला परवडणारं नव्हतं. आणि परवडत नाही म्हटलं की माणूस ते बदलायला एक दिवस उशीर करतो. महाग ऑइलचा खरा तोटा मला हाच वाटतो.

मग व्हॅल्व्होलिनचं व्हीआर१, २०डब्ल्यू५०, साधं खनिज तेल. रस्त्यावरच्या गाड्यांच्या पातळ ऑइलांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी फॉस्फरसवर मर्यादा असते, म्हणून जस्त-फॉस्फरसचं ॲडिटिव्हही बेतानेच घालतात. व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा दाबणाऱ्या कॅमला ते भरपूर हवं असतं, आणि या ऑइलात ते आहे. किंमत सिंथेटिकच्या निम्म्याच्या आसपास. दर शर्यतीनंतर बिनधास्त बदलता आलं. जूनपासून त्याच्या बदली एसएई ५० सिंगल ग्रेड घातलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. सिंगल ग्रेडमध्ये घट्टपणा टिकवण्यासाठी घातलेलं पॉलिमर नसतं, त्यामुळे ते तुटून ऑइल पातळ होण्याची भीती नाही. गरम इंजिनात प्रेशर मला जास्त स्थिर दिसलं. त्रास फक्त थंडीचा. सकाळी सुरू करण्याआधी चेंबरखालचं हीटर पॅड तासभर लावावंच लागतं. ते नसेल तर ५० घेऊ नका, २०डब्ल्यू५० बरं.

आता परत वापरण्याबद्दल. नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गाच्या टीम दर रनला ऑइल बदलतात. त्यांचं गणितच वेगळं. आमच्यासारखे लोक मात्र पांढरं पडलेलं ऑइल तापवून परत घालतात, हे पिटमध्ये बरेचदा ऐकलं होतं. मी जुलैत करून पाहिलं. जुना इलेक्ट्रिक रोस्टर, ज्योत कुठेच नाही, घरापासून लांब अंगणात, वाऱ्याची पाठ धरून. मिथेनॉल अवघ्या ११-१२ अंशांनाही पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडतं, त्यामुळे हे काम गॅरेजमध्ये करायचंच नाही.

आईशी फोनवर बोलता बोलता हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग हे लोणी कढवण्यासारखंच. तडतड थांबली की पाणी संपलं." अगदी तसंच झालं. सत्तर अंशांच्या आसपास मिथेनॉलचा वास आणि बारीक बुडबुडे, शंभराच्या पुढे पाण्याची तडतड, एकशे दहाच्या वर सगळं शांत. पांढरं ताक परत तपकिरी, पारदर्शक झालं. डोळ्यांना ते नव्यासारखं दिसतं, आणि फसगत तिथेच होते.

कढवण्याआधीचा, कढवल्यानंतरचा आणि ते ऑइल आणखी एक शर्यत वापरल्यानंतरचा, असे तीन नमुने तपासून घेतले. कढवल्यावर पाणी गेलं होतं आणि घट्टपणा एसएई ५० च्या पट्ट्यात, म्हणजे १०० अंशांना १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्समध्ये, परत आला होता. आम्ल पचवण्याची ताकद मात्र परत आली नव्हती. मिथेनॉल अर्धवट जळलं की फॉर्मिक आम्ल तयार होतं. ते उकळून पुरतं जात नाही, आणि त्याला मारण्यात खर्ची पडलेलं ॲडिटिव्ह तापवून उगवत नाही. तिसऱ्या नमुन्यात शिसं वाढलेलं होतं. आमच्या बेअरिंगांचा वरचा थर शिशाचा आहे, म्हणजे आम्ल तिथे चावायला लागलं होतं. फिल्टर कापून उघडला तेव्हा डोळ्यांना काहीच दिसलं नाही. तपासणी केली नसती तर मी तेच ऑइल आणखी दोनदा वापरलं असतं.

म्हणून माझ्यापुरतं ठरलं: कढवलेलं ऑइल शर्यतीच्या इंजिनात नाही. नवीन बांधलेल्या इंजिनात तर मुळीच नाही. शनिवारचं ऑइल रविवारी ठेवायचं असेल तर रात्री चेंबरच्या बुडाचा बोल्ट सैल करून तळाला बसलेलं पाणी काढा, वरचं तेवढंच ठेवा. तेही एकदाच.

सगळ्यात मोठा फरक मात्र कुठल्या डब्याने पडला नाही. पडला तो आयडलने, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवण्याने. ऑइल तापावं म्हणून आम्ही इंजिन पिटमध्ये बराच वेळ चालू ठेवत होतो. पण आयडलला कार्बोरेटर इतकं जास्त इंधन देत होता, की तापण्यापेक्षा भिजणंच जास्त होत होतं. ऑगस्टमध्ये आयडल मिक्श्चर पातळ केलं. ऑइल तापवण्याचं काम हीटर पॅडवर सोडलं. रांगेत आपल्या पुढे गाड्यांच्या दोनच जोड्या उरल्या की मगच सुरू करायचं, आणि रन संपल्यावर इंजिन बंद करून गाडी ओढत परत आणायची. चेंबरमधली वाफ ओढून घेणारा व्हॅक्युम पंप आधीपासून होताच, त्याच्या डब्यात जमणारं पांढरं पाणीही कमी झालं. डिपस्टिकची रेघ त्या महिन्यापासून जवळपास जागच्या जागी राहिली. रविवारी संध्याकाळी काढलेलं ऑइल गढूळ होतं, पण ताक नव्हतं.

फिल्टरचंही एक. कागदी फिल्टर पाणी आणि मिथेनॉलने फुगतो. मेमध्ये आमचा एक आतून खचलेला निघाला. तेव्हापासून स्टीलच्या जाळीचा, धुऊन वापरायचा फिल्टर आहे. जाळीत काय अडकलं तेही दर वेळी लगेच बघता येतं.

गॅरेजमध्ये आता काढलेल्या ऑइलचे दोन डबे आहेत. स्पेअर पार्टची दुकानं इथे जुनं इंजिन ऑइल फुकट घेतात, पण मिथेनॉल मिसळलेलं तिथे देणं चूक आहे. ते काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यायचं. डब्यांवर तसं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. येत्या एप्रिलसाठी एसएई ५० चे दोन खोके आणून ठेवलेत, आणि हिवाळ्यात बेअरिंगची टोपणं उघडून शिसं नेमकं कुठून गेलं ते बघणार आहे.