नोव्हा आणि सुपरनोव्हा यांचे तेज मोजताना: डोळा, डीएसएलआर की फिल्टर लावलेला कॅमेरा?

नोव्हा (पृष्ठभागावरील स्फोटाने अचानक उजळणारा तारा) किंवा सुपरनोव्हा (संपूर्ण ताऱ्याचा स्फोट) यांच्या तेजाच्या नोंदी ठेवण्याचे ठरवलेल्या हौशी निरीक्षकापुढे मुख्यतः तीन वाटा असतात. डोळ्याने अंदाज घेता येतो. ट्रायपॉडवरच्या डीएसएलआर कॅमेऱ्याने छायाचित्रे घेऊन त्यांवरून मापन करता येते. किंवा दुर्बिणीला जोडलेल्या एकरंगी, म्हणजे रंग न टिपता फक्त प्रकाशाची तीव्रता नोंदवणाऱ्या, सीमॉस अथवा सीसीडी संवेदकाच्या कॅमेऱ्यापुढे प्रमाणित फिल्टर लावून मापन करता येते. या तिन्हींची तुलना बहुधा अचूकतेच्या आकड्यांवर येऊन थांबते. डोळ्याच्या अंदाजात 0.1 ते 0.3 प्रतीची (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा ठळक) अनिश्चितता धरावी लागते, डीएसएलआरने काळजीपूर्वक काम केल्यास ती 0.02 ते 0.05 पर्यंत खाली येते आणि फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्याने 0.01 च्या आसपास पोहोचता येते. आकडे बरोबर आहेत, पण केवळ त्यांच्या आधारे केलेली निवड पुष्कळदा फसते, कारण आपण नेमके काय मोजणार आहोत हा प्रश्न त्यांत येतच नाही. नोव्हा मोजणे आणि सुपरनोव्हा मोजणे ही दोन्ही कामे वेगवेगळ्या कारणांनी अवघड असतात.

प्रथम डोळ्याची पद्धत पाहू. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, म्हणजेच एएव्हीएसओ, ही 1911 मध्ये स्थापन झालेली संस्था रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचे नकाशे पुरवते. त्यांवर तुलना ताऱ्यांच्या (ज्यांचे तेज आधीच ठाऊक असते अशा ताऱ्यांच्या) प्रती दशांश चिन्हाशिवाय छापलेल्या असतात, म्हणजे 73 हा आकडा 7.3 असा वाचायचा. नकाशावरचा टिंब चुकून तारा समजला जाऊ नये, म्हणून ही सोय केलेली आहे. नोव्हापेक्षा थोडा ठळक आणि थोडा अंधुक असे दोन तुलना तारे निवडायचे आणि त्यांच्यामधल्या अंतरात नोव्हा कुठे बसतो ते ठरवायचे. तारे 7.3 आणि 7.8 प्रतींचे असतील आणि नोव्हा ठळक ताऱ्यापासून दोन पंचमांश अंतरावर वाटत असेल, तर नोंद 7.5 अशी होते. सगळे काम काही मिनिटांत आटोपते, अंधाऱ्या आकाशाखाली 7×50 बायनॉक्युलरने साधारण 9व्या प्रतीपर्यंत जाता येते आणि ढगांमधून मिळालेली थोडीशी फटही वाया जात नाही.

या पद्धतीचा खरा दोष रंगाशी निगडित आहे. कमाल तेज ओलांडल्यानंतर अनेक नोव्हा तांबूस दिसू लागतात आणि तांबड्या ताऱ्याकडे जितका वेळ टक लावून पाहावे तितका तो अधिक ठळक भासतो. त्यामुळे नजर नोव्हा आणि तुलना तारा यांच्यात झटपट फिरवत ठेवावी लागते. ही सवय लागलेल्या निरीक्षकांच्या नोंदी किती मोलाच्या ठरतात, याचे उदाहरण म्हणजे न्यूझीलंडचे अल्बर्ट जोन्स. त्यांनी आयुष्यभरात पाच लाखांहून अधिक दृश्य अंदाज नोंदवले आणि सुपरनोव्हा 1987ए स्वतंत्रपणे शोधणाऱ्यांमध्येही त्यांचे नाव आहे.

अतिशय ठळक नोव्हांच्या बाबतीत तर डोळा मोठ्या दुर्बिणीवरही मात करतो. उत्तर मुकुट तारकासमूहातील टी कोरोने बोरिअॅलिस हा पुनरावर्ती नोव्हा 1866 आणि 1946 मध्ये उजळला होता आणि अशा वेळी तो 10व्या प्रतीवरून 2ऱ्या प्रतीच्या आसपास पोहोचतो. इतका ठळक तारा आठ इंची दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यात अत्यंत कमी उद्भासनातही (प्रकाश घेण्याच्या काळातही) संपृक्त होण्याचा, म्हणजे नोंद कमाल मर्यादेला जाऊन अडकण्याचा, धोका असतो. तो टाळला तरी कॅमेऱ्याच्या अंशभर रुंदीच्या क्षेत्रात तुलनेला त्याच्या तोडीचा एकही तारा सापडत नाही. उघड्या डोळ्यांना मात्र त्याच तारकासमूहातला 2.2 प्रतीचा मुख्य तारा शेजारीच उपलब्ध असतो.

डीएसएलआरचे सामर्थ्य मधल्या पट्ट्यात आहे. 50 ते 200 मिलिमीटरच्या लेन्सने 3ऱ्या ते 9व्या प्रतीपर्यंतचे नोव्हे सहज मोजता येतात आणि विस्तृत क्षेत्रामुळे तुलना ताऱ्यांची वाण पडत नाही. 2013 मध्ये कोइची इतागाकी यांनी शोधलेला धनिष्ठा तारकासमूहातील नोव्हा कमाल तेजाला 4.3 प्रतीपर्यंत गेला होता. असा नोव्हा म्हणजे या साधनासाठी आदर्श लक्ष्य. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्यावी लागतात, कारण जेपीईजी बनवताना कॅमेरा तेजाच्या मूल्यांमध्ये फेरफार करतो. फोकस हेतुतः किंचित बिघडवावा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरतो आणि लाल, हिरव्या व निळ्या पिक्सेलांना त्याचा योग्य वाटा मिळतो. मापनासाठी हिरवी वाहिनी वापरतात, कारण ती प्रमाणित व्ही पट्ट्याच्या (हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या ठरलेल्या पट्ट्याच्या) सर्वांत जवळची असते. पण जवळची असणे म्हणजे तीच असणे नव्हे, आणि नोव्हाच्या बाबतीत हा फरक फार महाग पडू शकतो.

सामान्य ताऱ्याचा प्रकाश सर्व तरंगलांबींवर बऱ्यापैकी सलग पसरलेला असतो, त्यामुळे दोन फिल्टरांच्या कडा थोड्या वेगळ्या असल्या तरी रंगानुसार दुरुस्ती करून मापने जुळवता येतात. नोव्हाचे तसे नसते. स्फोटात बाहेर फेकलेले वायुकवच विरळ होऊ लागले की प्रकाशाचा मोठा हिस्सा मोजक्या उत्सर्जन रेषांत एकवटतो: आधी 656.3 नॅनोमीटरवरची हायड्रोजनची रेषा प्रबळ होते, पुढे कवच आणखी विरळ झाल्यावरच्या तेजोमेघी अवस्थेत 495.9 आणि 500.7 नॅनोमीटरवरच्या ऑक्सिजनच्या रेषा. यांतली 500.7 ची रेषा व्ही फिल्टरच्या निळ्या कडेवरच्या तीव्र चढावर पडते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या व्ही फिल्टरांतून तिचा वेगवेगळा हिस्सा आत येतो. डीएसएलआरची हिरवी वाहिनी तीच रेषा मोकळेपणाने आत घेते आणि अंधाराला सरावलेला डोळा तर 507 नॅनोमीटरच्या आसपासच सर्वाधिक संवेदनशील असतो. फिल्टर नसलेल्या कॅमेऱ्यात लाल हायड्रोजन रेषेचा सगळा प्रकाश जमा होतो आणि नोव्हा आहे त्यापेक्षा ठळक नोंदवला जातो. परिणामी एकाच रात्री चौघा कुशल निरीक्षकांच्या नोंदींमध्ये काही दशांश प्रतींचे अंतर पडते आणि तरीही त्यांतली एकही नोंद चुकीची नसते. म्हणूनच शंभरांश प्रतीच्या अचूकतेचा मोह नोव्हासाठी मला फारसा सयुक्तिक वाटत नाही. तिथे सर्वांत महत्त्वाचे हे की निरीक्षकाने आपली प्रणाली शेवटपर्यंत बदलू नये आणि नोंदीसोबत ती प्रामाणिकपणे लिहावी. डीएसएलआरच्या हिरव्या वाहिनीसाठी एएव्हीएसओचा टीजी हा स्वतंत्र संकेत आहे, तो सोडून सरळ व्ही लिहू नये.

सुपरनोव्हाकडे वळलो की सगळी गणिते बदलतात. इथे मुख्य अडचण अंधुकपणाची आणि पार्श्वभूमीची असते. एम101 दीर्घिकेतील सुपरनोव्हा 2011एफई सुमारे 10व्या प्रतीपर्यंत पोहोचला आणि तो दीर्घिकेच्या केंद्रापासून दूर असल्याने मध्यम दुर्बिणीतूनही नीट वेगळा दिसत होता. 2014 मध्ये एम82 दीर्घिकेत दिसलेला सुपरनोव्हा 2014जे तेजाने त्याच्यापेक्षा फारसा मागे नव्हता, पण तो धुळीच्या पट्ट्यांनी भरलेल्या ठळक तबकडीतच होता. अशा ठिकाणी डोळा ताऱ्याचे तेज आणि त्यामागच्या दीर्घिकेची चमक यांत फरक करू शकत नाही. कॅमेऱ्यातही ताऱ्याभोवतीच्या कड्यातून पार्श्वभूमी मोजण्याची नेहमीची रीत इथे डळमळते, कारण कड्याचा एक भाग ठळक आणि दुसरा काळोखा असतो. सुपरनोव्हा मावळल्यानंतर त्याच साधनाने, त्याच फिल्टरमधून घेतलेली प्रतिमा आधीच्या प्रतिमांमधून वजा करणे हा खात्रीचा उपाय आहे. पण तो एकरंगी कॅमेरा आणि ठराविक फिल्टर वापरणाऱ्यालाच नीट साधतो.

शिवाय काळाचा प्रश्न आहे. 1ए प्रकारचा (श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटाचा) सुपरनोव्हा कमाल तेजानंतर दोनेक महिन्यांत सुमारे तीन प्रतींनी मंदावतो आणि आठ इंची दुर्बिणीतून डोळ्याची मर्यादा 14व्या प्रतीच्या अलीकडेच येते. त्यामुळे 10व्या प्रतीच्या असाधारण उदाहरणाचाही दृश्य आलेख, म्हणजे डोळ्याने घेतलेल्या नोंदींचा तेज-आलेख, काही महिन्यांतच तुटतो. 12व्या किंवा 13व्या प्रतीवर कमाल गाठणाऱ्या, संख्येने कितीतरी अधिक असलेल्या सुपरनोव्हांचा आलेख तर डोळ्याने सुरू होतो न होतो तोच तुटतो. कॅमेऱ्याने अनेक उद्भासने एकत्र करून 16व्या प्रतीपर्यंत तोच आलेख पुढे नेता येतो. त्याची किंमत श्रमांत मोजावी लागते: डार्क आणि फ्लॅट चौकटी (कॅमेऱ्याचे व दुर्बिणीचे दोष काढण्यासाठी घेतलेली छायाचित्रे), तुलना ताऱ्याखेरीज एक पडताळणी तारा, स्वतःच्या साधनाचे रंग गुणांक (मापने प्रमाणित प्रणालीशी जुळवणारे आकडे) आणि दर रात्रीनंतर संगणकापुढचे काम.

तेव्हा ज्याचे मन नोव्हांत रमते, त्याने बायनॉक्युलर आणि नकाशे घेऊन सुरुवात करावी आणि हाताशी डीएसएलआर असेल तर तो जोडीला वापरावा. या कामासाठी महागडा कॅमेरा घेण्याची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. ज्याला सुपरनोव्हांचा पाठपुरावा करायचा आहे, त्याने एकरंगी कॅमेराच घ्यावा आणि खर्चाला मर्यादा असेल तर दुर्बिणीचा व्यास वाढवण्याआधी चांगला व्ही फिल्टर, त्यानंतर बी (निळ्या प्रकाशाचा) फिल्टर विकत घ्यावा. फिल्टरविना घेतलेली मापने सीव्ही या संकेताने स्वीकारली जातात आणि नव्या स्फोटाची तातडीने पुष्टी करण्यास ती उपयोगी असतात, पण सुपरनोव्हाचा रंग आठवड्यागणिक बदलत असल्याने त्यांवरून रेखलेल्या आलेखाचा उतार विश्वासार्ह राहत नाही.

दोन्हींची आवड असणाऱ्यांनी एक पथ्य जरूर पाळावे. नोव्हा मंदावत जाऊन बायनॉक्युलरच्या आवाक्याबाहेर जाण्याच्या बेतात आला आणि कॅमेऱ्याकडे वळायचे झाले की डोळ्याची पद्धत एकदम सोडू नये. किमान चार-पाच रात्री दोन्ही पद्धतींनी नोंदी घ्याव्यात आणि त्या आपापल्या संकेतांनी स्वतंत्रपणे पाठवाव्यात, म्हणजे आलेख अभ्यासणाऱ्याला दोन मालिकांमधला फरक स्वतः काढता येतो. ज्या रात्री तारा दिसलाच नाही, त्या रात्रीची नोंदही सर्वांत अंधुक दिसलेल्या तुलना ताऱ्याची प्रत देऊन आणि तारा त्याहून अंधुक होता असे स्पष्ट लिहून पाठवावी.