किनाबातांगनचा फील्ड कॅम्प: रिकामी घरटी मोजायची तयारी असेल तरच पैसे भरा

माहितीपत्रकावर ओरांगउटानच्या पिल्लाचा चेहरा पानभर छापलाय. झूलॉजीची मुलं तेवढ्यावर फॉर्म भरतात, म्हणून आधीच सांगते: मलेशियाच्या बोर्निओ बेटावरल्या सबा राज्यात, किनाबातांगन नदीकाठच्या या कॅम्पवर ओरांगउटान क्वचितच दिसतो. मोजायची असतात ती त्याची घरटी.

"एवढे पैसे भरून रिकामी घरटी मोजायला चाललीस?" हा आईचा प्रश्न. पण पद्धतच ती आहे. मोठा ओरांगउटान रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झोपायला नवं घरटं करतो. आपण आखलेल्या सरळ रेषेवरून वर बघत सावकाश चालायचं. घरटं दिसलं की रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर मोजायचं, पानं हिरवी आहेत, वाळलीत की नुसता सांगाडा उरलाय ते लिहायचं. घरटं साधारण किती काळ टिकतं ते धरून मग प्राण्यांच्या संख्येचा अंदाज काढतात. मान अवघडते, जळवा चढतात, आणि कधी दुपारपर्यंत वहीचं पान कोरंच. मला हे जाम आवडलं. काहींची तोंडं लवकरच वाकडी झाली.

सगळ्यात भारी म्हणजे गावातले सहायक, ओरांग सुंगाई म्हणजे इथल्या नदीकाठच्या स्थानिक जमातीचे. आम्ही दुर्बिणी लावून धुंडाळतोय तोवर ते नुसती हनुवटी वर करून झाड दाखवायचे!

एक गोष्ट मात्र मुंबईतल्या ओरिएंटेशनमध्येच सांगायला हवी होती. संध्याकाळच्या बोटफेरीत लांबनाकी प्रोबोसिस माकडं, धनेश, नशीब असेल तर हत्तीही काठावर दिसतात. संयोजक त्याचीच जाहिरात करतात. पण ते इतके सहज दिसतात, कारण मागे सरकायला त्यांना फारसं जंगलच उरलेलं नाही. कित्येक ठिकाणी काठावरची पट्टी संपली की थेट तेलपामची लागवड. २००५ साली जाहीर झालेलं सुमारे २६,००० हेक्टरचं अभयारण्यही तुकड्यातुकड्यांचंच. आणि पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपलाच. बोरिवलीच्या नॅशनल पार्कला खेटून उभ्या राहिलेल्या इमारती बघत वाढलेल्या मुलांना यातलं काय समजणार नव्हतं? तिथल्या संशोधक ताईंनी एका रात्री नकाशा पसरून दाखवलं, तेवढ्यासाठी सगळी फी वसूल.

फीचं म्हणाल तर विमा आणि क्वालालंपूर ते संदाकानचं विमानभाडं त्यात नाही, हे पैसे भरल्यावर कळतं. 'शाकाहारी जेवण' म्हणजे भात, परतलेली पालेभाजी आणि अंडं. हो, अंडं शाकाहारीत धरतात. मेतकुटाने मला तारलं. आमच्या आकड्यांचं पुढे काय झालं, असा मेल मुंबई ऑफिसला केला, तर उत्तरादाखल सर्टिफिकेट आलं.

पाचातले साडेतीन. गेलात तर संयोजकांचे महागडे लीच सॉक्स (जळवा चढू नयेत म्हणून घालायचे मोजे) घेऊ नका, घट्ट विणीच्या मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंतचे दोन जोड गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून न्या.