लातूरच्या एका रक्तपेढीचं फिरतं शिबिर: पाण्यात पास, फोटोत नापास

नोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न 'जेवलात का?' हाच असतो. एकादशीचा उपवास असेल तर सरळ परत पाठवतात, कोणी रुसलं तरी. वजनकाटा नुसता शोभेला नाही: 45 किलोपासून 350 मिलीची पिशवी, 450 मिली हवं तर 55 च्या वर. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असेल तर नाही म्हणजे नाही.

खरी जमेची बाजू म्हणजे पाणी. सुई टोचण्याआधी साधारण अर्धा तास प्रत्येकाला अर्धा लिटर पाजतात. त्याने थोडा वेळ रक्तवाहिन्या आकसतात, बीपी धरून राहतो. खाटेवर परिचारिका पाय एकमेकांवर ठेवून मांड्या, पोट 5 सेकंद आवळायला आणि 5 सेकंद सैल सोडायला लावते. श्वास मात्र कोंडायचा नाही. भोवळ बहुतेक वेळा रक्त संपून येत नाही, तर नाडी मंदावून आणि रक्तवाहिन्या सैल पडून येते. म्हणून हा व्यायाम उपयोगी, विशेषतः पहिल्यांदा आलेल्या कॉलेजच्या पोरापोरींना.

घोळ होतो तो उठताना. पिशवी भरली की 10 मिनिटं आडवं, मग जरा बसून उभं राहायचं. इथे गर्दी वाढली की लगेच प्रमाणपत्र घेऊन फोटोला उभं करतात, तेही मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात! पडायची नेमकी हीच वेळ. घाम, जांभया, मळमळ दिसताच जमिनीवर निजवून पाय वर करतात, ते चोख. चहाऐवजी मीठ घातलेलं लिंबू सरबत ठेवायला हवं.